प्लास्टरखालचे पत्ते

बबनरावांचा पाय पत्ते खेळताना मोडला, ही गोष्ट आसेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मान्य करत नव्हते ते फक्त बबनराव. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते शेतात धुऱ्याच्या बांधावरून घसरले. खरं असं होतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मारुतीच्या ओट्यावर मेंढीकोटचा डाव ऐन रंगात आला होता. तीन दश्श्या घरात आल्या होत्या, चौथी आली की समोरच्यांवर कोट. हुकमाचा एक्का आपटायला बबनराव गुडघ्यांवर उठले, हात डोक्यावर नेला, एक्का आपटला, आणि त्या झटक्यात स्वतःही ओट्यावरून खाली गेले. मंगरूळपीरला नेताना ऑटोत ते कण्हत होते, पण मधून मधून भिडूला, म्हणजे बाबूलाल शिंप्याला, विचारत होते की कोट झाला ना रे.

कोट झाला होता. पायही मोडला होता. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दसऱ्यापर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं.

घरापुढच्या छपरीत बाज टाकली. तिथून गल्लीच्या टोकाचा ओटा अर्धा दिसायचा. खेळणाऱ्यांच्या पाठी दिसायच्या, हशा ऐकू यायचा, पण कोणाच्या हातात काय आहे ते कळायचं नाही. फोडणीचा वास यावा आणि ताट मात्र शेजारच्या घरी वाढलेलं असावं, तशी त्यांची गत झाली. चाळीस वर्षांत त्यांनी ओटा चुकवला तो लग्नाकार्याला नाहीतर पेरणीला. आणि त्या चाळीस वर्षांत एक पत्ता इकडचा तिकडे केला नाही. डावावरून भांडण झालं, की बबनराव सांगतील ते खरं, असा त्यांचा लौकिक होता.

पण आता त्यांना काय हवं होतं ते सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. त्यांना ओटा हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. सुनेनं आपल्याशी बोलावं, एवढंच.

मंजुषा फाल्गुनात सून म्हणून घरात आली. पोरगी शेलूबाजारची, वाशीमला हॉस्टेलात राहून बी.एस्सी. झालेली. मुलगा लखन मंगरूळपीरला कृषी केंद्रात कामाला, तो सकाळी मोटरसायकल काढायचा तो दिवस मावळताना परत. घरात राहिले सासू, सासरा आणि सून. त्यातली सून सासूशी बोलायची, शेजारणीशी बोलायची, फोनवर माहेरी बोलायची, म्हशीशीसुद्धा बोलायची. सासऱ्याशी मात्र नाही. तो त्या घराचा रिवाज होता. सुनेनं सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. गावात बाकीच्यांनी हे कधीच सोडून दिलं होतं. सोडलं नव्हतं ते एका बबनरावांच्या बायकोनं, गोजराबाईंनी.

बबनरावांनी एकदा सुनेला समोरासमोर विचारलं होतं, की तुझे बाबा कसे आहेत. मंजुषानं मान खाली घातली आणि आत जाऊन सासूला सांगितलं, की बाबा बरे आहेत म्हणावं. मग गोजराबाई बाहेर येऊन म्हणाल्या, की तिचे बाबा बरे आहेत. तीन पावलांवरचं उत्तर स्वयंपाकघराला वळसा घालून आलं. त्यावर बबनराव बायकोला म्हणाले, की हे आता बंद कर, जमाना कुठं चालला. गोजराबाई म्हणाल्या, की मी एकोणीस वर्षं पाळलं, माझ्या डोळ्यांदेखत मोडायचं नाही. गोजराबाईंनी एकदा नाही म्हटलं, की त्यावर अपील नसे.

ओट्यावर तर ही गोष्ट रोज दुपारी टोचायची. बारा वाजले की एकेका घरातून हाक यायची. रतनसिंगची सून गल्लीच्या तोंडाशी येऊन अशी हाक द्यायची, की पलीकडच्या आळीतली माणसंही जेवायला उठावीत. बाबूलालला त्याची नात ओढतच न्यायची. बबनरावांच्या घरून मात्र दाराची कडी वाजायची, खण खण खण, तीनदा. नवऱ्याला हाक कशी मारायची म्हणून गोजराबाईंनी ती पस्तीस वर्षं वाजवली. फाल्गुनापासून मंजुषा वाजवत होती. बबनराव उठायचे, धोतर झटकायचे, आणि कोणी कडीवरून काही बोलायच्या आत चालू लागायचे.

मुलगी निता घरात होती तेव्हा बडबडून बडबडून जीव खायची. ती अकोल्याला दिली आणि घर अर्धं मुकं झालं. सून येईल तेव्हा भरून निघेल असं त्यांना वाटलं होतं. आता बाजेवर पडल्या पडल्या त्यांना आतलं हसणं ऐकू यायचं. मंजुषाचं हसणं मोठं होतं, भांडी पडावीत असं. पण बबनरावांची कुबडी फरशीवर वाजली, की ते मध्येच तुटायचं. आपण आलो की घरातलं हसू थांबतं, याचं त्या माणसाला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी दुपारी आतून वेगळाच आवाज यायला लागला. सट, सट, सटासट. मध्येच दोघांनी मिळून ओरडायचं, एक दोन तीन, की पुन्हा तेच. कढईत लाह्या फुटल्यासारखा तो आवाज होता. बबनरावांनी मान लांब करून दाराच्या फटीतून पाहिलं. लखन आणि मंजुषा समोरासमोर बसून पत्ते खेळत होते. पण हे कसले पत्ते? कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. कोणी विचार करत नव्हतं. मंजुषाचे दोन्ही हात मशीन चालल्यासारखे चालले होते आणि लखन बिचारा तोंड वासून हरत होता.

तिथल्या तिथे बबनरावांच्या डोक्यात आलं, की शिकवायचं म्हटलं तर बोलावंच लागणार. पत्त्यांसाठी पत्ते आणि बोलण्यासाठी बोलणं. त्यांनी संध्याकाळी गोजराबाईंना फर्मावलं, की सूनबाईला सांग, मला तो खेळ शिकव.

गोजराबाईंनी कपाळाला हात लावला. सासरा आणि सून समोरासमोर बसून पत्ते कुटणार, लोक तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. बबनरावांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की मग काही हरकत नाही, उद्यापासून ओट्यावरची मंडळी छपरीतच बोलावतो. सात-आठ जण येतील. तीनदा चहा लागेल, रतनसिंगला अद्रक जास्त लागतं, आणि बाबूलाल खर्रा खाऊन भिंतीशी थुंकतो ते तुला माहीतच आहे.

गोजराबाई रात्रभर विचार करून सकाळी अटी घेऊन आल्या. खेळ दुपारी, भांडी झाल्यावर. सुनेच्या डोक्यावरचा पदर हलता कामा नये. सुनेनं बोलायचं नाही. आणि मी मध्ये बसणार.

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी छपरीत सतरंजी अंथरली. एका बाजूला प्लास्टरचा पाय लांब करून बबनराव, दुसऱ्या बाजूला मंजुषा, आणि दोघांच्या मध्ये सोलायच्या लसणाचं सूप घेऊन गोजराबाई. मंजुषा सासूच्या कानात सांगायची आणि सासू मोठ्यानं सांगायची. खेळाचं नाव सटासट. पत्ते अर्धे तुमचे, अर्धे तिचे. आपल्या गड्डीतले पाच समोर उघडे मांडायचे. मध्ये दोन पत्ते उघडे ठेवायचे, एक तुमचा, एक तिचा. मधल्या पत्त्याहून एकानं मोठा किंवा एकानं लहान पत्ता त्याच्यावर टाकायचा. सत्ती असेल तर छक्की नाहीतर अठ्ठी. रंग पाहायचा नाही. समोरचे कमी झाले की गड्डीतून भरायचे. ज्याचे सगळे पत्ते आधी संपले तो जिंकला.

“आन् पाळी कोनाची?” बबनरावांनी विचारलं.

गोजराबाईंनी कान सुनेकडे नेला आणि परत आणला. “पाळी नसते म्हन्ते. ज्याले सुचलं त्यानं टाकाव.”

हे बबनरावांच्या पचनी पडेना. मेंढीकोटमध्ये माणूस मिशीवरून हात फिरवतो, भिडूच्या तोंडाकडे पाहतो, बोट थुंकीनं ओलं करतो, मग पत्ता उतरतो. इथे त्यांनी बोट ओलं करेपर्यंत मंजुषाचे सहा पत्ते गेले होते. त्यांना वाटलं आता आपली पाळी असेल, म्हणून ते सुनेनं थांबावं याची वाट पाहत बसले. पण सून कशाला थांबते? तिचे संपलेसुद्धा. दुसऱ्या डावात त्यांनी आधी समोरचे पाच पत्ते रंगांप्रमाणे नीट लावले, इस्पिक इकडे, बदाम तिकडे. लावून मान वर केली तो डाव आटोपलेला.

खरी पंचाईत वेगळीच होती. कधी कधी दोघांचंही अडायचं, कोणाचाच पत्ता बसायचा नाही. तेव्हा दोघांनी एक दोन तीन म्हणून आपापल्या गड्डीतला वरचा पत्ता एकाच दमात मध्ये उलटायचा असतो. सुनेनं तर बोलायचं नव्हतं. म्हणून ती सासूच्या गुडघ्याला बोट लावायची आणि मोजायच्या गोजराबाई. आता गोजराबाईंनी जन्मभर मोजलं ते धान्य. पायलीनं ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती जिभेची सवय. त्या लसूण सोलता सोलता म्हणायच्या, “लाभ… दोन…” मग चुलीवर काही करपतंय का म्हणून नाक वर करायचं, मग “तीन.” बबनराव ‘एक’ची वाट पाहायचे. तो काही यायचा नाही. मंजुषाचा पत्ता उलटून त्यावर दोन बसलेले असायचे आणि बबनराव अजून लाभावरच.

पहिल्या दुपारी ते चौदा डाव हरले. बाबूलाल संध्याकाळी पाय बघायला आला, त्याला त्यांनी सांगितलं, की दोन-चार डाव इकडे तिकडे झाले.

पण माणूस हाडाचा खेळाडू. त्यांनी एकट्यानं सराव सुरू केला. पहाटे चहाच्या आधी बाजेवर पत्ते मांडायचे आणि स्वतःशीच खेळायचं. बोट ओलं करायची सवय जाईना, तेव्हा त्यांनी बोटाला कडुनिंबाचा पाला चोळून ठेवला. दोन दिवसांत सवय गेली. चौथ्या दिवशी सूनबाईचे तीन पत्ते उरले असताना त्यांचे संपले. सातव्या दिवशी ते दोन डाव जिंकले आणि इतके खूश झाले, की त्यांनी गोजराबाईंना पुरणपोळी करायला सांगितली. गोजराबाई म्हणाल्या, की पोळ्याला खाल्ली आणि पाय मोडून घेतला तेवढी पुरे.

पुढच्या रविवारी लखन घरी होता आणि आत पुन्हा सटासट चालू झालं. बबनराव कुबडी न वाजवता हळूच दाराशी गेले, सुनेच्या काही युक्त्या चोरता येतात का पाहायला. पाहिलं आणि चेहरा पडला. आत तिचे दोन्ही हात चालले होते. छपरीत तिचा एकच हात चालायचा, कारण डावा हात सारा वेळ पदर धरून असायचा. आपण सुनेच्या एका हाताशी खेळत होतो, आणि त्यातही पाच डावांतले चार हरत होतो.

सोमवारी खेळ सुरू व्हायच्या आधी बबनरावांनी भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं, की अर्ध्या माणसाशी खेळून जिंकण्यात मला काही गोडी नाही, खेळायचं तर दोन्ही हातांनी. गोजराबाईंनी लगेच सुनावलं, की मग पदर कोण धरेल, मी? मग मंजुषा उठून आत गेली. आली ती पदर डोक्यावर घट्ट बसवून, दोन्ही कानांवर एकेक आणि मध्ये टाळूवर एक अशा तीन पिना लावून. गोजराबाईंनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पदर ओढून पाहिला. हलत नव्हता. अटीत कुठे खोट निघेना.

त्या दिवशी बबनराव अठरा डाव हरले आणि त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एवढं जोरदार हरणं त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. मंजुषाला दोन हात मिळाले तशी ती खुलली. जिंकली की ओठ दाबून हसायची. एकदा तर हसू सुटणारच होतं, ते तिनं खोकला करून गिळलं. आणि गोजराबाई, ज्या मध्ये पहारेकरी म्हणून बसल्या होत्या, त्यांचं लसणावरचं लक्ष उडालं. सुनेला एखादा पत्ता दिसला नाही, की त्या भुवईनं दाखवायला लागल्या. मोजताना लाभच म्हणायच्या, पण आता दोन आणि तीन झपाट्यानं यायचे.

सगळं होतं, बोलणं तेवढं नव्हतं. महिना उलटला. घटस्थापना झाली. डॉक्टरांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्लास्टर काढायला बोलावलं. बबनरावांना एकच गोष्ट दिसत होती. प्लास्टर निघालं की आपण ओट्यावर जाणार, सून आपल्या कामाला लागणार, सतरंजी गुंडाळली जाणार आणि दाराची कडी पुन्हा वाजायला लागणार. मग हे कधीच व्हायचं नाही. तीन दिवस उरले होते.

त्यांनी खूप विचार केला. सुनेला बोलायला काय लावेल? प्रश्न विचारून ती बोलत नाही. हसू आलं तर खोकते. मोजायचं काम सासू करते. पण खेळणाऱ्याला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती स्वतः बबनरावांनाही चाळीस वर्षांत सोसली नव्हती. ओट्यावर कोणी पत्ता लपवला, की त्यांच्या तोंडून शब्द आधी बाहेर पडायचा आणि माणूस कोण आहे ते मग दिसायचं. एकदा तर त्यांनी चक्क सरपंचाला झापलं होतं.

म्हणजे लबाडी करायला हवी होती. बबनरावांनी तो विचार दोनदा झटकून टाकला. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता.

त्या दुपारी पहिल्याच डावात त्यांनी छक्कीवर नव्वी टाकली. मंजुषानं नव्वीवर बोट ठेवलं, दोनदा टकटक केलं आणि खेळ थांबवला. बबनरावांनी अरेच्चा म्हणून नव्वी उचलली. पुढच्या डावात त्यांनी एकाखाली एक दडवून दोन पत्ते टाकले. मंजुषानं पाहिलं, सासूच्या कानाशी गेली, आणि गोजराबाईंनी दोन पत्त्यांचं काय ते विचारेपर्यंत बबनरावांनी आणखी तीन टाकून डाव संपवला. सुनेचं नाक लाल झालं. तिनं पत्ते पिसले ते जरा जोरातच.

तिसऱ्या डावात त्यांनी कमाल केली. बायको लसणाची टरफलं झटकायला वळली तेवढ्यात त्यांनी गड्डीतले पत्ते उचलून प्लास्टरच्या पायाखाली सरकवले, आणि कुणी न विचारता छताकडे पाहायला लागले. आयुष्यात कधी चोरी न केलेला माणूस जशी पहिली चोरी करेल तशीच ती होती. एका पत्त्याचा कोपरा बाहेर दिसत होता. त्यांनी उरलेले पत्ते धडाधड टाकले, हात वर केले आणि म्हणाले, “संपले. जितलो.”

मंजुषा क्षणभर बघत राहिली. मग तिचं बोट सरळ पायाकडे गेलं.

“मामाजी, प्लास्टरखाली चार पत्ते हायेत तुमचे. काढा पह्यले.”

आवाज स्वच्छ होता, मोठा होता, गल्लीत जाईल असा होता. बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं. हात तोंडावर गेला. मग सवयीनं पदर ओढायला गेला, तर तो तीन पिनांनी जागच्या जागी. गोजराबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

बबनरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलला, खालून पत्ते काढले आणि सतरंजीवर एकेक करून मांडले.

“चार नाई, बाई,” ते म्हणाले. “पाच हायेत.”

मंजुषानं खाली मांडलेले पाच पत्ते पाहिले, सासऱ्याकडे पाहिलं, आणि तिला उमगलं. ओट्यावर कधी पत्ता न हलवणारा माणूस असे चोरतो काय? तिचे डोळे भरले, पण सासू शेजारी बसलेली. ती मान खाली घालून बसून राहिली.

गोजराबाई सूप ठेवून उठल्या आणि आत गेल्या. आत माठावरचं झाकण वाजलं, ग्लास वाजला. बबनरावांना वाटलं, झालं, आता ही सुनेला बोलणार आणि दोष माझा. त्यांनी मनाशी ठरवलं, की काही झालं तरी सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

गोजराबाई पाणी पिऊन बाहेर आल्या. त्या दोघांच्या मध्ये बसल्या नाहीत. नवऱ्याच्या बाजेला टेकून उभ्या राहिल्या.

“माह्या सासऱ्यानं माहा आवाज एकोनीस वर्सं आयकला नाई,” त्या म्हणाल्या. “ते गेले त्या दिवशी मी हंबरडा फोडला. तं बाया म्हने, गोजराचा आवाज एवढा मोठा हाये काय? साऱ्या गावानं आयकला. फक्त ते नव्हते आयकाले.”

गोजराबाईंनी पदरानं नाक पुसलं.

“चांगले होते बिचारे. बजारातून माह्यासाठी जिलेबी आनत आन् कोनाड्यात ठिवून देत. कशी झाली म्हून मले कधी इचारता नाई आलं त्याइले, आन् मलेई सांगता नाई आलं.” मग त्या सुनेकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “बोल बाई तू. असा लबाड सासरा असन तं बोलाच लागते. आन् सरक तिकडं, आता मी खेळीन.”

त्या दुपारी गोजराबाई पहिल्यांदा पत्त्याला हात लावून खेळल्या. लसूण सोलणारी बोटं ती, त्यांनी बबनरावांना दुसऱ्याच डावात हरवलं. मोजायचं काम मंजुषाकडे आलं. ती हसत हसत, सासूची नक्कल करत म्हणायची, लाभ दोन तीन, आणि तिघंही हसायची. बबनरावांची कुबडी मध्येच फरशीवर पडून मोठ्यानं वाजली. हसू थांबलं नाही.

प्लास्टर निघालं. दसऱ्याला त्यांनी काठी टेकत गावात सोनं वाटलं. सोयाबीन घरात आलं. आणि मग एका सकाळी बबनराव ओट्यावर जाऊन बसले. मंडळींनी मोठ्या मानानं जागा दिली, भिंतीकडची, म्हणजे पुन्हा खाली जायला नको.

मेंढीकोटचा डाव पडला आणि त्यांना कळलं की आपण कामातून गेलो. रतनसिंग पत्ता उतरायला इतका वेळ लावत होता, की मध्ये एखादी झोप व्हावी. बबनरावांना धीर धरवेना. दोनदा त्यांनी पाळी नसताना पत्ता टाकला. बाबूलाल वैतागून म्हणाला, की बबन, पडलास तेव्हा डोक्याला पण लागलं होतं काय? त्यावर बबनरावांनी सांगितलं, की मेंढीकोट हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे.

बारा वाजत आले. रतनसिंगच्या सुनेची हाक येऊन गेली, तो पाच मिनिटं म्हणून बसून राहिला. बबनरावांच्या हातात हुकमाचा एक्का होता आणि चौथी दश्शी समोरून यायची होती. तरी त्यांचा एक कान घराकडे होता. दार उघडल्याचा आवाज आला. कडी काही वाजली नाही.

“मामाजी, जेवाले चला. भाकर थंडी होऊन राह्यली.”

ओट्यावरचे सगळे पत्ते जागच्या जागी थांबले. या घरातून जेवणाची हाक आजवर कोणी ऐकली नव्हती. बाबूलालनं मान वळवून पाहिलं. दारात मंजुषा उभी होती, पदर खांद्यावर, हात कमरेवर. तिच्या मागे गोजराबाई.

“बबन,” बाबूलाल म्हणाला, “तुले बोलावून राह्यले.”

बबनराव हातातल्या पत्त्यांत तोंड घालून बसले होते. “मले?” ते म्हणाले. “मले तं काही आयकू नाई आलं.”

लबाडी आता त्यांना चांगली जमायला लागली होती. ते मान वर न करता वाट पाहत राहिले, आणि दुसरी हाक आली ती पहिलीपेक्षा मोठी होती. मग त्यांनी हुकमाचा एक्का बाबूलालच्या हातात दिला, काठी घेतली आणि जेवायला निघाले.